गडसहलीची तयारी : भरलेल्या बाटलीने शिकवलेला धडा



चौथीला परिसर अभ्यासाचा दुसरा भाग म्हणजे शिवछत्रपतींचा इतिहास. तो शिकवताना मुलं एक प्रश्न हमखास विचारतात, "बाई, आपण कधी जायचं गडावर?" जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, तेव्हापासून तर हा प्रश्न पालकांकडूनही येऊ लागलाय. त्या बारांपैकी लोहगड हा लहान मुलांसाठी तसा सोपा. वर जायला पायऱ्या आहेत, वाट चुकण्यासारखी नाही आणि पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरलं की चालतही जाता येतं. आमच्या शाळेने दोन वर्षं लागोपाठ चौथी-पाचवीची मुलं तिथे नेली. पहिल्या वर्षी माझ्याकडून मोठी चूक झाली. दुसऱ्या वर्षी काय बदललं ते सांगण्यासाठी हा लेख. सहलीची परवानगी, पालकांचं संमतीपत्र, विमा हे कागद आपण सगळेच करतो, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

आधी पहिल्या वर्षाचं सांगते. जानेवारी महिना, हवा छान. मी सगळ्यात पुढे होते, कारण दरवाजांची माहिती मलाच सांगायची होती. लोहगडाला खालून वर जाताना गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे एकामागोमाग चार दरवाजे लागतात. नारायण दरवाजाच्या वर थांबून मी सांगत होते की पहिल्या दरवाजातून शत्रू आत शिरला तरी पुढच्या वळणावर वरून मारा होतोच, म्हणून ही वाट अशी नागमोडी. मुलं मन लावून ऐकत होती. तेवढ्यात मागून निरोप आला, एक मुलगी खाली पायरीवर बसलीय आणि उठत नाहीये.

धावत खाली गेले. पाचवीतली मुलगी, अंगाने बारीक पण खेळात चपळ. ओठ कोरडे, चेहरा उतरलेला, "गरगरतंय" म्हणत होती. सावलीत आडवी केली, पाय दप्तरावर उंच ठेवले, घोट घोट पाणी दिलं. वीस-पंचवीस मिनिटांनी बरं वाटलं तिला. पण पाणी देण्यासाठी मी तिचीच बाटली उचलली, तेव्हा ती तोंडापर्यंत भरलेली होती. सकाळी आईने भरून दिलेली बाटली पावणेअकरापर्यंत उघडलेलीच नव्हती!

"अगं, पाणी का नाही प्यायलीस?"

बराच वेळ ती बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "बाई, लागली तर जायचं कुठं?"

मी गप्प झाले. कारण त्या दिवशी माझीही बाटली जवळजवळ भरलेलीच होती. डी.एड.ला असल्यापासून कुठल्याही सहलीला, प्रशिक्षणाला, निवडणुकीच्या कामाला जाताना मी हेच करत आलेय. सकाळी अर्धा कप चहा आणि नंतर दिवसभर कोरडं तोंड. आपल्यापैकी किती जणी असंच करतात ते आपल्याला माहीत आहे. मुलींना हे कुणी शिकवत नाही, त्या आपल्याकडे बघून शिकतात. मी तिला घेऊन खाली वाडीत उतरले. बाकीची मुलं दुसऱ्या सरांबरोबर वर गेली. गडाचा माथा तिने पाहिलाच नाही.

घरी आल्यावर बाकीच्या मुलींना विचारलं. बहुतेकींचं उत्तर तेच. मुलांपैकी काहींनीही पाणी कमीच प्यायलं होतं, पण त्यांचं कारण वेगळं. बाटली दप्तराच्या तळाशी होती, ती काढायला थांबलो तर मागे पडू अशी भीती. म्हणजे पाणी सगळ्यांकडे होतं, पण ते प्यायची सोय आम्ही केलेली नव्हती.

दुसऱ्या वर्षी तयारीला चार आठवडे घेतले. त्यातला बराच भाग गणिताच्या आणि खेळाच्या तासातच बसला, वेगळा वेळ फारसा लागला नाही.

सुरुवात केली 'किती चढायचंय' या प्रश्नापासून. लोहगडाची उंची समुद्रसपाटीपासून 1033 मीटर. मुलं लगेच म्हणाली, एक किलोमीटर उभं चढायचं! मग नकाशा काढला. मळवलीचा परिसरच मुळी सव्वासहाशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे आपल्याला चढायचेत साधारण 400 मीटर. 'समुद्रसपाटीपासून उंची' ही कल्पना पुस्तकातून कितीही वेळा शिकवली तरी डोक्यात बसत नाही, ती इथे एका वजाबाकीत बसली. पुढे शाळेच्या जिन्याची एक पायरी मोजली, ती भरली 15 सेंटिमीटर. 400 मीटरला अशा पायऱ्या किती? साधारण 2667. आमच्या जिन्याला वीस पायऱ्या, म्हणजे तो जिना 133 वेळा चढायचा. वर्गात एकदम "बापरे" झालं. भागाकाराच्या उदाहरणाला असा प्रतिसाद मला आजवर मिळाला नव्हता.

मग वेळेचं गणित. 1892 मध्ये नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने डोंगरात लागणाऱ्या वेळेचा एक ठोकताळा मांडला. आपल्या मापात तो असा : दर 5 किलोमीटरला एक तास, आणि चढ असेल तर दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. मळवलीहून भाजे गावावरून, गायमुख खिंडीतून लोहगडवाडी आणि तिथून माथा हे अंतर आम्ही 6 किलोमीटर धरलं. त्याला 1 तास 12 मिनिटं. 400 मीटर चढाची 40 मिनिटं. झाले 1 तास 52 मिनिटं. पण हा हिशेब सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या मोठ्या माणसांचा. नऊ-दहा वर्षांच्या मुलांचा गट असेल तर सरळ दुप्पट धरा. म्हणजे पावणेचार तास. पहिल्या वर्षी मी अडीच तास धरले होते, आणि त्यामुळेच सगळी घाई झाली. परतीची लोकल ठरवताना हा आकडा समोर ठेवा, उलट करू नका. लोकल आधी ठरवून चढाई त्यात कोंबली की मागच्या मुलांना कुणीतरी "चला चला" म्हणत हाकत राहतं.

सराव कसला केला? रोज मैदानाला फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस जिना आणि उठाबशा. उठाबशा म्हटल्यावर एकाने विचारलं, "बाई, आम्ही काय केलं?" शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावणं कायद्याने बंद आहे, आणि ते योग्यच आहे. पण मांड्या आणि गुडघ्यांसाठी हा व्यायाम उत्तम. मीही मुलांबरोबर काढल्या, तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला.

जिना चढताना आम्ही पाढा म्हणायचो. ही युक्ती जरूर वापरून बघा. चढत असताना सातचा पाढा न अडखळता म्हणता आला तर वेग बरोबर आहे. 'सात चोक' म्हणताना धाप लागून तुटत असेल तर वेग जास्त आहे, कमी करायचा. मुलांना नाडी मोजायला लावण्यापेक्षा हे सोपं. प्रत्येकाला आपापला वेग कळतो आणि पाढेही होतात.

आता दप्तराविषयी. शाळेच्या दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं हा नियम आपल्याला माहीत आहे. तोच इथे लावला. 26 किलोच्या मुलाला 2 किलो 600 ग्रॅम. त्यात रिकामी पिशवी अर्धा किलो, दीड लिटर पाणी म्हणजे दीड किलो, डबा, टोपी, एक पातळ स्वेटर. संपलंच. मुलांनी वर्गात तराजूवर एकेक वस्तू ठेवून पाहिली आणि स्वतःच ठरवलं काय घरी ठेवायचं. एकाने मोठी वही, कंपास आणि वेफर्सची चार पाकिटं आणली होती. वही काढली, पाकिटं काढायला जड गेलं. खारट वेफर्सने तहान वाढते हे सांगितल्यावर एक पाकीट ठेवून तह झाला. त्यापेक्षा गूळ-शेंगदाणे, चिक्की, दशमी, धपाटे हे टिकतं, पोटभर होतं आणि हाताला तेल लागत नाही. जादा पाणी शिक्षकांनी आणि सोबत आलेल्या दोन पालकांनी वाहिलं.

महागड्या ट्रेकिंगच्या पिशवीची गरज नाही. पालकांनी त्यासाठी खर्च करू नये असं मी बैठकीतच सांगितलं. शाळेचं दप्तरच चालतं, फक्त दोन्ही पट्टे दोन्ही खांद्यांवर हवेत आणि इतके आखूड की दप्तर पाठीला चिकटलं पाहिजे. छातीवर दोन पट्ट्यांमध्ये एक नाडी बांधली की दप्तर डुलत नाही. पायऱ्या उतरताना डुलणाऱ्या दप्तराने तोल जातो. बाटली तळाशी नाही, बाजूच्या जाळीच्या कप्प्यात. हातात तर मुळीच नाही. चढताना दोन्ही हात मोकळे हवेत.

बुटांचंही तसंच. नवे बूट सहलीच्या दिवशी पहिल्यांदा घालणं हा फोड येण्याचा हमखास मार्ग. जुने, पायात बसलेले, तळाला खाचा असलेले कुठलेही बूट चालतील. तळ घासून गुळगुळीत झालाय का ते एका साध्या चाचणीने कळतं. शाळेच्या नळाजवळच्या ओल्या फरशीवर उभं राहून हळूच पाय सरकवून बघायचा, आपण हात धरून. आमच्या सहा मुलांचे बूट त्यात नापास झाले. त्यांच्यासाठी मोठ्या भावंडांचे, शेजारच्यांचे बूट शोधले. अर्धा नंबर मोठा असेल तर दोन मोजे. नंबर लहान असेल तर मात्र नको. चौथीतल्या निम्म्या मुलांना नाडीची गाठ मारता येत नाही हेही तेव्हाच कळलं! आजकाल सगळे चिकटपट्टीचे बूट. एक अख्खा कार्यानुभवाचा तास गाठीवर घालवला. आणि आदल्या दिवशी पायाची नखं कापणं, हे पालकांनी विसरू नका. चढताना काही कळत नाही, पण उतरताना पाय पुढे सरकतो, नख बुटाला टेकतं आणि मूल रडकुंडीला येतं.

हे सगळं महत्त्वाचं, पण माझ्या मनात ती भरलेली बाटली होती. म्हणून सहलीच्या आठवडाभर आधी मुलींना वेगळं बसवून सरळ बोलले. कुठे कुठे थांबणार, तिथे काय सोय आहे, हे जागांच्या नावांसह सांगितलं. त्यासाठी आम्ही दोघी शिक्षिका आधी एका रविवारी जाऊन आलो होतो. पायथ्याच्या वाडीत एका घरी बोलून ठेवलं, चढाई सुरू करण्याआधी सगळ्यांनी तिथे जाऊन यायचं. वाटेवर आणखी एक जागा हेरून ठेवली. पाण्यापासून आणि वाटेपासून दूर, झाडीचा आडोसा असलेली. सोबत दोन जुन्या साड्या आणि दोरी घेतली, पाच मिनिटांत पडदा तयार होतो. गडावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, त्यांच्या आसपास असलं काही करायचं नाही हेही सांगितलं. शिक्षिकेच्या पिशवीत सॅनिटरी पॅड ठेवा. पाचवीच्या मुली आहेत, लहान आहेत म्हणून सोडू नका. हल्ली काहींना या वयात सुरुवात होते आणि पहिलीच वेळ गडावर आली तर त्या मुलीने काय करायचं?

मुलगे-मुली एकत्र असताना लघवीच्या रंगाचाही पाठ घेतला. फिकट पिवळा म्हणजे पाणी पुरेसं, गडद झाला म्हणजे शरीर पाणी मागतंय. पाच मिनिटं वर्ग खिदळला. मग गंभीर प्रश्न सुरू झाले. दर वीस मिनिटांनी मी शिट्टी वाजवणार आणि सगळ्यांनी थांबून चार-पाच घोट प्यायचे, तहान असो वा नसो. मीसुद्धा सगळ्यांसमोर प्यायचं, असं मुलांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. एका मुलाचं म्हणणं मला फार आवडलं, "बाई, पाणी पाठीवर जड, पोटात हलकं." जलसंजीवनीची पाकिटंही घेतली, ती पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच घालायची. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ.

आता रांगेविषयी. पहिल्या वर्षी आमची रांग नेहमीसारखी, दणकट मुलं पुढे आणि दमणारी मागे. यात काय होतं ते नीट बघा. पुढची मुलं भराभर जातात, वळणावर थांबतात, पाणी पितात, गप्पा मारतात. शेवटचं मूल धापा टाकत तिथे पोचतं आणि तेवढ्यात पुढची मुलं निघतात. म्हणजे ज्याला विश्रांती सगळ्यात जास्त हवी त्याला ती मिळतच नाही. मागे राहू नये म्हणून ते पाणीही पीत नाही. दुसऱ्या वर्षी हळू चालणारी चार मुलं माझ्या लगेच मागे ठेवली. त्यांचा वेग हाच गटाचा वेग. माझ्या पुढे कुणी जायचं नाही आणि शेवटच्या सरांच्या मागे कुणी राहायचं नाही. थांबल्यावर शेवटचा माणूस पोचला की मग घड्याळ लावून पाच मिनिटं. दणकट मुलं आधी कुरकुरली. त्यांना टाकी, बुरूज, झाडं मोजायचं आणि नोंदी करायचं काम दिलं. दरवाजांची माहिती मी चढताना सांगितलीच नाही. वर बसून, डबे उघडल्यावर सांगितली. 1665 च्या पुरंदरच्या तहात महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले, त्यात लोहगडही होता आणि 1670 मध्ये तो परत घेतला, हे तिथे वाऱ्यात बसून सांगताना मला वेगळं काही करावं लागलं नाही.

दोन-तीन गोष्टी थोडक्यात. कड्यांवर आग्या मोहोळ असतात, म्हणून सुगंधी तेल, अत्तर, धूर, आरडाओरडा आणि दगड भिरकावणं बंद. माश्या उठल्याच तर तोंड-डोकं कपड्याने झाकून तिथून लांब जायचं, हात झटकत उभं राहायचं नाही. साप चावल्यास कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही नाही. मुलाला शांत ठेवायचं, चावलेला भाग हलू द्यायचा नाही आणि 108 ला फोन करून दवाखाना गाठायचा. माकडांसमोर डबा उघडायचा नाही. विंचूकाट्यावर आम्ही मुलांना नेलं नाही, वरूनच दाखवला. तिकडे जाताना थोडं खडकावरून उतरावं लागतं आणि पस्तीस मुलांना एकेक करून उतरवणं जमण्यासारखं नाही. काही पालक नाराज झाले, होऊ देत.

उतरताना जास्त लक्ष द्या. मुलांना वाटतं संपलं आणि ती धावत सुटतात. दमलेल्या पायांनी दगडी पायऱ्यांवर धावलं की गुडघे फुटतात. लहान पावलं, पाय किंचित तिरका आणि दोघांमध्ये चार पायऱ्यांचं अंतर. हा सरावही जिन्यावर करून घ्या.

मागच्या वर्षी गरगरलेल्या मुलीच्या आईने यंदा संमतीपत्रावर सही करायला चार दिवस लावले. मी घरी जाऊन आले. मुलगी आता सहावीत गेलेली, पण तिला आम्ही सोबत घेतलं. वाडीतल्या त्या घरी ती स्वतःहून पहिली गेली आणि बाहेर येऊन चौथीच्या दोन मुलींना म्हणाली, "जाऊन या गं, वर मग पाणी पिता येत नाही." साडीचा पडदा बांधायलाही तीच पुढे. हनुमान दरवाजाशी तिने मला रिकामी बाटली दाखवली आणि माझी बघायला मागितली. माझ्यात दोन बोटं पाणी होतं. तिने ते संपवायला लावलं आणि दोन्ही बाटल्या सरांच्या कॅनमधून भरून आणल्या.

सोमवारी फळ्यावर हिशेब मांडला. मळवलीहून निघालो 7:30 ला, माथ्यावर पोचलो 11:35 ला. अंदाज 3 तास 44 मिनिटं, लागले 4 तास 5 मिनिटं. फरक 21 मिनिटांचा. तो कुठे गेला यावर वर्गात बराच वाद झाला. शेवटी वहीतल्या नोंदी काढल्यावर सापडलं, चिक्की वाटताना आम्ही पाचऐवजी सव्वीस मिनिटं बसलो होतो.